आधी तास, मग भिंती: शाळेची इमारत कोणाला विचारून बांधायची?

लोकलमध्ये असाल तर आवाज थोडा वाढवा, घरी भांडी घासत ऐकत असाल तर फोन पाण्यापासून लांब ठेवा. आज आपण अशा एका गोष्टीचा इतिहास बघणार आहोत जिच्यात तुम्ही-आम्ही आयुष्याची किमान दहा वर्षं काढलीत आणि तरी तिच्याकडे कधी धड बघितलं नाही. शाळेची इमारत. आणि ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा भाग नेहमीसारखा इथे लिहून काढलाय.

विषय सुचला आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरून. शाळेचं नाव सांगत नाही. तालुक्याच्या गावातली साधी मराठी शाळा आहे. इमारतीचा मागचा भाग धोकादायक झालाय, तो पाडायचा, तिथे नवीन बांधायचं आणि त्यासाठी आपण पैसे उभे करायचे, असं ठरलं. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर, म्हणजे ग्रुपच्या भाषेत 'जिला एक्सेल येतं ती'. हिशोबाची शीट माझ्या गळ्यात पडली. मग एक दिवस प्लॅनची पीडीएफ आली. एका रांगेत सहा खोल्या, समोर व्हरांडा, टोकाला जिना. वरच्या मजल्यावर पुन्हा तेच. ग्रुपवर पटापट अंगठे पडले. मीही एक टाकला.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मला माझीच एक जुनी फजिती आठवली. नोकरीच्या पहिल्या वर्षी आमच्या टीमने एका गोदामासाठी अ‍ॅप बनवलं होतं. माल आला की तिथल्या माणसाने फोनवर नोंद करायची. साहेबांनी जे सांगितलं ते सगळं त्यात होतं, एका स्क्रीनवर चौदा रकाने. आम्ही खूश. महिन्याभराने कळलं की अ‍ॅप कोणी वापरतच नाही. का? कारण माल उतरवणारी माणसं हातमोजे घालून काम करतात आणि हातमोज्यांनी तो स्क्रीन दाबला जात नाही. आमच्यापैकी एकही जण गोदामात तासभर जाऊन उभा राहिला नव्हता.

अ‍ॅप आम्ही दोन महिन्यांत बदललं. इमारत कशी बदलणार? स्लॅब पडला की पुढची साठ-सत्तर वर्षं तोच 'कोड' चालणार. म्हणून मला प्रश्न पडला: सहा खोल्या आणि समोर व्हरांडा, हे मुळात ठरवलं कोणी? कधी? आणि त्या वेळी शाळेत काय चालायचं, म्हणून असं ठरलं?

चला, मागे जाऊ. आणि गंमत म्हणजे सुरुवात आपल्याकडूनच होते.

मद्रासची वाळू, लंडनचा हॉल

१७८९ साली अँड्र्यू बेल नावाचा एक स्कॉटिश पाद्री मद्रासमध्ये एग्मोर इथल्या अनाथ मुलांच्या शाळेचा प्रमुख झाला. गोऱ्या सैनिकांची मुलं होती ती. मुलं भरपूर, कामाचे शिक्षक कमी. बेलने तिथल्या एका गावठी शाळेत बघितलं की लहान मुलं जमिनीवर वाळू पसरून बोटाने अक्षरं गिरवतात. ना कागद, ना शाई, चुकलं की हात फिरवला, पाटी कोरी. त्याने ते उचललं. आणि जोडीला मोठ्या मुलांना लहान मुलांचे शिक्षक करून टाकलं. १७९७ मध्ये त्याने लंडनला हा प्रयोग छापून प्रसिद्ध केला.

पुढच्याच वर्षी, १७९८ मध्ये, लंडनच्या बरो रोडवर जोसेफ लँकेस्टर नावाच्या तरुणाने गरीब मुलांसाठी जवळपास अशीच शाळा काढली. एक गुरुजी, शेकडो मुलं आणि मधे मॉनिटर मुलांची फळी. हो, आपल्या वर्गातल्या 'मॉनिटर'ची आठवण झाली ना? या पद्धतीचं नावच मॉनिटर पद्धत.

आता विचार करा, अशी शाळा भरवायची तर जागा कशी लागेल? खोल्या चालणारच नाहीत. गुरुजी एकच, आणि त्यांना सगळी मुलं एका नजरेत दिसायला हवीत. म्हणून एकच लांबलचक हॉल. मधे बाकांच्या रांगा. भिंतींच्या कडेने मोकळी जागा, कारण मुलं घोळक्याने उठून भिंतीवरच्या तक्त्यासमोर अर्धगोल करून उभी राहायची आणि मॉनिटर त्यांच्याकडून वाचून घ्यायचा. लँकेस्टरने १८०९ मध्ये शाळेची खोली कशी बांधावी यावर वेगळी पुस्तिकाच लिहिली. मागच्या रांगाही दिसाव्यात म्हणून जमिनीला उतार द्या, इथपर्यंत त्यात विचार होता.

ती पद्धत आपल्याला आवडो वा न आवडो, आणि मला तर ती कवायतीसारखी वाटते, पण एक मान्य करावं लागेल. तो हॉल डोकं वापरून बांधलेला होता. शिकवायचं कसं हे आधी ठरलं, हॉल नंतर आला.

बोस्टनची अंड्यांची पेटी

मग आल्या आपल्या ओळखीच्या खोल्या. १८४८ साली अमेरिकेत बोस्टनला क्विन्सी स्कूल सुरू झालं. जॉन फिलब्रिक नावाचे हेडमास्तर. त्या काळात प्रशियाच्या, म्हणजे आजच्या जर्मनीच्या बाजूच्या शाळांचं अमेरिकेत फार कौतुक होतं. तिथे मुलांना वयाप्रमाणे इयत्तांमध्ये वाटायचे आणि प्रत्येक इयत्तेला वेगळा शिक्षक द्यायचे. फिलब्रिकने तेच केलं. पण एका हॉलमध्ये बारा शिक्षक एकदम बोलायला लागले तर काय होईल? म्हणून त्याची इमारतच वेगळी होती. चार मजले, बारा वर्गखोल्या, प्रत्येक खोलीत साधारण ५५ मुलं, प्रत्येक मुलाला स्वतःचं डेस्क आणि सगळ्यात वर सगळी शाळा एकत्र बसेल असा हॉल.

स्वतःचं डेस्क ही तेव्हा चैनच होती बरं का. आणि एका शिक्षकाने एका इयत्तेला दार लावून शांतपणे शिकवायचं, हीसुद्धा प्रगतीच होती. म्हणजे ही इमारतही शिकवण्याच्या एका नव्या पद्धतीचं खरं उत्तर होती.

घोटाळा पुढे झाला. हे उत्तर इतकं सोयीचं निघालं की लोक प्रश्नच विसरले. खोली, खोली, खोली, मधून कॉरिडॉर. अंड्यांच्या पेटीत जसे एकसारखे खण असतात तशी शाळा. अमेरिकेत या शाळांना पुढे 'अंड्यांची पेटी' असंच नाव पडलं. डेस्क जमिनीला स्क्रूने पक्की केलेली, सगळ्यांची तोंडं फळ्याकडे. शिकवण्याबद्दलचे विचार पुढे कितीतरी बदलले. पेटी तीच राहिली.

आमच्या ग्रुपवर आलेली पीडीएफ परत उघडून बघितली. बोस्टन, १८४८. फक्त वर 'डिजिटल क्लासरूम' असं लिहिलेलं.

विनेट्का: वर्गात बसून राहिलेला आर्किटेक्ट

आता आजच्या गोष्टीचं मुख्य गाव. शिकागोच्या उत्तरेला, मिशिगन सरोवराच्या काठी विनेट्का नावाचं उपनगर आहे. १९१९ मध्ये तिथल्या सरकारी शाळांचा प्रमुख म्हणून कार्लटन वॉशबर्न आला. वय २९. म्हणजे माझ्याएवढाच! आणि तिथे तो १९४३ पर्यंत टिकला.

वॉशबर्नचं म्हणणं साधं होतं. वर्गातली सगळी मुलं एकाच दिवशी भागाकार शिकायला तयार नसतात. मग सगळ्यांना एकदम का शिकवायचा? त्याने वाचन, गणित, शुद्धलेखन यांचे छोटे छोटे टप्पे पाडले. मुलाने आपल्या गतीने सोडवायचं, स्वतः तपासायचं, तयारी झाली की चाचणी द्यायची, पास झालं की पुढचा टप्पा. आपल्या आजच्या शिकण्याच्या अ‍ॅप्समध्ये जे चालतं ते त्याने शंभर वर्षांपूर्वी कागदावर केलं होतं. पण दिवसाचा हा एकच भाग. उरलेला वेळ मुलांनी एकत्र येऊन करायच्या गोष्टींसाठी: नाटक, सुतारकाम, चित्रं, झाडं लावणं, सभा घेणं. वॉशबर्नला दोन्ही तितकीच महत्त्वाची वाटत. याला पुढे 'विनेट्का योजना' म्हणू लागले.

वीस वर्षं हे सगळं जुन्या पद्धतीच्या इमारतींत चाललं होतं. मग १९३० च्या दशकाच्या शेवटी नवी प्राथमिक शाळा बांधायची वेळ आली. जागा 'क्रो आयलंड' नावाच्या झाडीच्या शेजारची. नावात आयलंड आहे, पण बेटबिट काही नाही.

हे काम मागायला गेला लॅरी पर्किन्स. तिशी नुकती ओलांडलेला आर्किटेक्ट, दोन मित्रांबरोबर नवी फर्म काढलेली. वडील ड्वाइट पर्किन्स शिकागोतले शाळांचे नावाजलेले आर्किटेक्ट, पण पोराच्या नावावर विशेष काही नाही. शाळेच्या मंडळाला धाकधूक वाटणं साहजिक होतं. मग पर्किन्सच्या फर्मने जोडीला एलियल सारिनेन या फिनलंडहून आलेल्या मोठ्या आर्किटेक्टला घेतलं, आणि त्यांचा मुलगा ईरो सारिनेनही आला. मोठ्या नावामुळे मंडळ निर्धास्त झालं.

पण या शाळेचं पुढे जे नाव झालं त्याचं मूळ मला त्या मोठ्या नावात दिसत नाही. ते पर्किन्सने कागदावर रेघ मारण्याआधी जे केलं त्यात दिसतं. तो विनेट्काच्या जुन्या शाळांमध्ये जाऊन बसला. वर्गात, मागे, दिवसच्या दिवस. मुलं कुठून उठतात, कुठे अडखळतात, बाई कोणत्या क्षणी ओरडतात, रंगाचे हात धुवायला किती लांब जावं लागतं. शिक्षकांशी बोलला, मुलांशी बोलला, इमारत झाडणाऱ्या-पुसणाऱ्या लोकांशीही बोलला. वॉशबर्नचा आग्रहच होता की जे त्या इमारतीत राबणार त्यांना आधी विचारा.

शिक्षकांकडूनही लिहून आलं. फ्रान्सिस प्रेसलर नावाच्या बाई शाळांमधल्या उपक्रमांचं काम बघत. त्यांनी आर्किटेक्टना एक पत्र लिहिलं, ते आजही या विषयात वाचलं जातं. त्यात चौरस फूट वगैरे नाहीत. मुलांना तिथे कसं वाटलं पाहिजे ते आहे. त्यातला एक मुद्दा तर मला फारच आवडला. इमारत अति सुंदर करू नका, त्यांनी म्हटलं, नाहीतर मुलं ती जपत बसतील, वापरणार नाहीत.

आपल्या घरातल्या शोकेसमधला कपांचा सेट आठवा. पाहुण्यांसाठी ठेवलेला. पाहुणे येऊन गेले तरी न निघालेला. शाळेचं तसं होऊ नये, एवढंच बाईंना म्हणायचं होतं.

पेटीतून एलकडे

१९४० मध्ये क्रो आयलंड शाळा उघडली. बैठी, विटांची, एकच मजला. आणि वर्गखोली चौकोनी नाही, इंग्रजी 'एल' अक्षरासारखी.

का? कारण दिवसाचे दोन भाग आठवा. एकीकडे मुलं आपापल्या वह्या सोडवतायत आणि त्याच वेळी चार जण लाकडाचं घर ठोकतायत. चौकोनी खोलीत दोन्ही एकमेकांना त्रास देणार. 'एल'च्या मोठ्या हातात वाचन-लेखन, छोट्या हातात कामाची जागा, तिथे बेसिन. आवाज आणि पसारा थोडा वळणाआड जातो, पण बाई कोपऱ्यात उभ्या राहिल्या की दोन्हीकडे नजर असते. एका शिक्षकाला दोन कामं एकदम चालवता येतात.

पुढे बघा. प्रत्येक वर्गाला स्वतःचं स्वच्छतागृह, वर्गाच्या आतच. म्हणजे 'बाई, जाऊ का?' म्हणून सगळ्या वर्गासमोर उभं राहायला नको, आणि लांब व्हरांड्यातून रांगा न्यायला नकोत. प्रत्येक वर्गाला बाहेर उघडणारं दार आणि स्वतःचं छोटं अंगण. झाडं लावायची तर परवानगी, किल्ली, रांग काही नको. दोन बाजूंनी खिडक्या. बाकं जमिनीला ठोकलेली नाहीत, हलकी, ओढता येतील अशी. दिव्याची बटणं आणि दाराच्या मुठी मुलांच्या हाताला येतील इतक्या खाली. आणि सभागृहात खुर्च्या पुढे छोट्या, मागे जाताना हळूहळू मोठ्या, म्हणजे पहिलीतल्या पोराचे पायही जमिनीला टेकतात.

छतसुद्धा. त्या काळी वर्गाचं छत १२ फूट उंच असायचं, इथे ९ फूट ठेवलं, मुलांना मोठ्या ऑफिसात आल्यासारखं वाटू नये म्हणून.

इथे जरा थांबूया. हे ऐकून कोणी म्हणेल, 'चला, आपणही ९ फुटी छत करू.' नको! मे महिन्यात विदर्भात ९ फुटी स्लॅबखाली बसून बघा. गरम हवा वर जायला आपल्याला उंची लागते. शिकागोत बर्फ पडतो. क्रो आयलंडचं छत घ्यायचं नाही, घ्यायची ती चौकशी.

पण जगाने नेमकं उलटं केलं. शाळा गाजली. १९७१ मध्ये अमेरिकेतल्या आर्किटेक्टच्या संघटनेने २५ वर्षं काळाच्या कसोटीला उतरलेली इमारत म्हणून तिचा गौरव केला, १९९० मध्ये तिला राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाला. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत शाळा धडाधड बांधायच्या होत्या, तेव्हा बैठी इमारत, सपाट छप्पर, मोठ्या खिडक्या हे रूप ठिकठिकाणी दिसू लागलं. वर्गात मागे जाऊन बसण्याचे ते दिवस मात्र नकाशात दिसत नाहीत, म्हणून ते कॉपी झाले नाहीत.

भिंती पाडल्या, कपाटं उभी राहिली

आता याची दुसरी बाजू. १९६० आणि ७० च्या दशकांत अमेरिकेत एक नवी लाट आली. शिक्षण मोकळं हवं, मग भिंती कशाला? खुल्या आराखड्याच्या शाळा बांधल्या गेल्या. मोठ्या मोकळ्या जागेत चार-पाच वर्ग, मधे काही नाही. कल्पना चांगली होती. शिक्षकांनी मिळून शिकवावं, मुलांनी गटागटाने फिरावं.

पण अनेक ठिकाणी इमारत आधी आली. तिथे शिकवणाऱ्यांची पद्धत तीच राहिली, एक शिक्षक, एक वर्ग, एक धडा. त्यांना वेगळं शिकवायला कोणी तयार केलं नव्हतं आणि बऱ्याचदा विचारलंही नव्हतं. मग काय झालं? इकडे पाढे, तिकडे गाणं, पलीकडे रागावणं, सगळं एकाच हवेत. शिक्षकांनी हळूच एक कपाट सरकवलं. मग दुसरं. मग पुस्तकांची मांडणी, मग फळा. जिथे आर्किटेक्टने भिंत काढली होती तिथे शिक्षकांनी फर्निचरची भिंत बांधली. पुढे कित्येक शाळांनी रीतसर भिंती घालून घेतल्या.

म्हणजे बघा, भिंत वाईट नाही आणि मोकळी जागा चांगली नाही. पेटीवाल्यांनी आणि पेटी मोडणाऱ्यांनी एकच चूक केली. इथे मंगळवारी सकाळी अकरा वाजता नक्की काय चाललेलं असेल, हे न विचारता बांधलं.

"अगं, ते अमेरिकेत!"

हे सगळं मी ग्रुपवर थोडक्यात टाकलं. लगेच आमच्या बॅचच्या एकाचा मेसेज: 'अगं, ते अमेरिकेतलं श्रीमंत उपनगर. आपल्याकडे खोल्या मिळाल्या तरी पुष्कळ.' तसा मुद्दा बरोबर आहे. विनेट्का श्रीमंतच होतं. म्हणून आता आपल्याकडच्या एका जागेबद्दल सांगते, जिथे पैसे फार नव्हते.

ताराबाई मोडक. जन्म १८९२. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर बालशिक्षणाचं काम केलं, १९२६ मध्ये दोघांनी नूतन बाल शिक्षण संघ उभा केला. १९४५ मध्ये ताराबाईंनी बोर्डीला, तेव्हाच्या ठाणे आणि आताच्या पालघर जिल्ह्यात, खेड्यातल्या मुलांसाठी काम सुरू केलं. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर आल्या. बालवाडी काढली. पण ज्या वस्त्यांमधल्या मुलांसाठी हा सगळा खटाटोप होता तीच मुलं येईनात. तेव्हा ताराबाईंनी 'लोकांना शिक्षणाचं महत्त्व कळत नाही' असं म्हणून हात झटकले नाहीत. बालवाडीच उचलून त्या वस्तीच्या अंगणात नेली. अंगणवाडी! १९७५ मध्ये केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना आली आणि हा शब्द देशभर पोचला.

१९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथली वारली मुलं गुरं चारायला जात. शाळेच्या वेळेत ती कुरणात असणार हे उघड होतं. मग शाळाच कुरणात भरवली, तिचं नाव कुरणशाळा. मोठी बहीण शाळेत येत नाही, कारण तिच्या कडेवर धाकटं भावंड आहे? मग पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली, तिचं नाव विकासवाडी. धाकट्याला पाळणाघरात सोडलं की ताई वर्गात.

आता सांगा, यात आर्किटेक्ट कुठे आहे? तरी हे अगदी पर्किन्सचंच काम आहे. आधी बघितलं की मूल दिवसभर कुठे असतं, काय करतं, त्याला काय अडवतं. जागा नंतर ठरवली. वर्गात मागे जाऊन बसायला पैसे लागत नाहीत, आणि मुलीच्या कडेवर कोण आहे हे बघायलाही.

सर आणि मावशी

मग मीही तेच करायचं ठरवलं. एका शनिवारी गावी गेले. आधी आमच्या विज्ञानाच्या सरांकडे. अजून तीन वर्षं आहेत त्यांच्या निवृत्तीला.

"सर, नवीन इमारतीत तुम्हाला काय हवंय?"

सर हसले. "मला? बेसिन हवंय."

"प्रयोगशाळेत?"

"वर्गात गं. प्रयोगशाळा लांब, तिची किल्ली ऑफिसात, तास पस्तीस मिनिटांचा. मुलं तिथे नेऊन परत आणेपर्यंत पंधरा मिनिटं जातात. म्हणून मी प्रयोग फळ्यावर काढून दाखवतो. वर्गात एक नळ आणि एक लांब ओटा असेल ना, तर आठवड्याला एक प्रयोग मुलांच्या हातून करून घेईन."

मला आठवलं, आम्हालाही लिटमस कागद सरांनी चित्रातच दाखवला होता. मला वाटायचं सरांना प्रयोगांचा कंटाळा आहे. इतकी वर्षं!

मग मावशी भेटल्या. शाळेच्या मावशी, सकाळी कुलूप उघडतात आणि संध्याकाळी लावतात. त्यांना विचारलं तर आधी म्हणाल्या, "मला काय कळतंय त्यातलं?" मग चहा झाल्यावर हळूच म्हणाल्या, "ताई, मोठ्या पोरी दिवसभर पाणी पीत नाहीत. बाटली भरलेली आणतात, भरलेलीच घेऊन जातात."

"का?"

"संडास मैदानाच्या पलीकडं. जायचं तर सगळ्या पोरांच्या समोरून. पाणीच नको मग."

मी पीडीएफ उघडून मावशींना दाखवली. नव्या प्लॅनमध्येही स्वच्छतागृहं तिथेच होती, मैदानाच्या पलीकडे. बारा नव्या खोल्या, रंगीत फरशी, कमानीवर देणगीदारांची नावं, आणि पोरी पाणी न पिणाऱ्या त्या पोरीच राहणार.

खरं सांगू? मीही त्याच शाळेत पाच वर्षं पाणी न पिता काढली. मला ते आठवतंय. आणि तरी मी त्या प्लॅनला अंगठा दिला होता. माहिती माझ्याकडे होतीच, फक्त मला कोणी विचारलं नव्हतं, आणि मीही स्वतःला विचारलं नाही.

ग्रुपवर मी या दोनच गोष्टी लिहिल्या. इतिहास नाही, क्रो आयलंड नाही. सरांचं बेसिन आणि मुलींच्या भरलेल्या बाटल्या. समितीतल्या एका काकांचा फोन आला. म्हणाले, "अगं, सगळं नियमात बसतंय. एका शिक्षकाला एक खोली, मुला-मुलींना वेगळी स्वच्छतागृहं. आणखी काय पाहिजे?" काकांचं चुकत नव्हतं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात हे निकष आहेतच, आणि ते असणं फार गरजेचं आहे, कारण अनेक शाळांना तेवढंही मिळत नव्हतं. पण निकष खोल्या मोजतो. स्वच्छतागृह आहे की नाही ते मोजतो, तिथपर्यंत मुलगी जाते की नाही ते मोजत नाही. ते आपल्यालाच बघावं लागतं.

मी काकांना म्हटलं, "काका, बारा खोल्यांऐवजी दहा झाल्या तर चालेल का? त्या पैशात मुलींची सोय आत येईल आणि दोन वर्गांत नळ आणि ओटा." काका गप्प झाले. मग म्हणाले, "माझी नात आहे सातवीत तिथे. तिला विचारतो."

दोन दिवसांनी ग्रुपवर काकांचा मेसेज आला. प्लॅन पंधरा दिवस थांबवलाय. आर्किटेक्ट दोन दिवस शाळा भरलेली असताना येऊन बसणार आहेत. दहा खोल्या की बारा ते अजून ठरलेलं नाही, आणि देणगीदारांपैकी दोघं नाराज आहेत. पुढे काय होतं ते मी तुम्हाला कळवीनच.

तोवर तुमच्यासाठी एक काम. तुमच्या जुन्या शाळेतही कधीतरी 'नवीन इमारतीसाठी मदत करा' असा मेसेज येईल. मदत जरूर करा. पण पैसे पाठवण्याआधी तीन माणसांना फोन करा: एका शिक्षकाला, शाळा झाडणाऱ्या मावशींना आणि सध्या तिथे शिकणाऱ्या एका मुलीला. तिघांनाही एवढंच विचारा की तुमचा दिवस कुठे अडतो. आलेली उत्तरं लिहून काढा आणि समितीला पाठवा. आणि मलाही पाठवा. चांगली उत्तरं आली तर आपण त्यांच्यावर एक अख्खा भाग करू.

चला, आज इतकंच. हा भाग आवडला तर तुमच्या शाळेच्या ग्रुपवर टाका, तिथेच त्याचा खरा उपयोग आहे. भेटूया पुढच्या भागात. आणि हो, पाणी प्या!